चोवीसाचे ऐंशी टक्के

फोंडाघाटला आमचं घर एसटी स्टँडच्या मागे होतं आणि बाबा त्याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आमच्याकडे वेळ गाडीवरून कळायची. कोल्हापूरची पहिली गाडी घाटाकडे निघाली की आईने चूल पेटवायची, कणकवलीची गाडी लागली की आम्ही दप्तरं उचलायची, आणि रात्रीची शेवटची गाडी स्टँडात शिरल्याशिवाय बाबांचं पान वाढायचं नाही. "पाच मिनिटां उशीर म्हणजे थोडो उशीर न्हय, उशीरच," असं बाबा म्हणत. मी आठ वर्षांची असताना न्हाणीघराच्या भिंतीवर कोळशाने उशिरा आलेल्या गाड्यांची मिनिटं लिहून ठेवत असे. आई ओरडायची आणि बाबा गुपचूप येऊन बेरीज तपासायचे. मोजल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही, ही खोड तिथली आहे.

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालासाठी मला तोंडवलीच्या बाजूला खाडीकाठच्या एका वाडीची शाळा मिळाली, तेव्हा मी समुद्र मोजून चार वेळा पाहिला होता आणि खाडी एकदाही नीट पाहिली नव्हती. राहायची सोय इजामावशीकडे झाली. तिचं नाव इझाबेल, पण वाडीत सगळे इजाबाय म्हणत. मी वयाने लहान म्हणून मावशी म्हणू लागले. नवरा गोव्याच्या ट्रॉलरवर, पावसाळ्यातच काय तो घरी. घरात ती आणि तिची मुलगी फिलू, चौथीतली, माझ्याच वर्गातली.

मावशीच्या घरात एक घड्याळ होतं. आल्तारावर क्रुसाच्या शेजारी ठेवलेलं, चालू, वेळही बरोबर दाखवणारं. पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. मी पहिल्या दिवशी विचारलं, "मावशी, सकाळी किती वाजता उठता?" तर ती म्हणाली, "पाणी बगून." मला वाटलं पिण्याच्या पाण्याबद्दल बोलते आहे, म्हणून मी विचारलं की नळ किती वाजता येतो. मायलेकी इतक्या हसल्या की फिलूला ठसका लागला.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. संध्याकाळी तेर्साची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मावशी पुढचं म्हणायची आणि फिलू झोपेत मागचं. परसातल्या शिंपल्यांच्या ढिगावर कोंबड्यांची नखं. आणि पातेल्यात मिठाच्या पाण्यात टाकून ठेवलेल्या तिसऱ्या. वाळू ओकायला त्या शिंपले जरासे उघडत आणि मिटत, तेव्हा पातेल्यातून बारीक टिकटिक यायची. पहिल्या दिवशी मी चुलीपाशी पाल शोधत होते. जेवणाला उकड्या तांदळाचा भात आणि तिसऱ्यांचं सुकं, भरपूर ओलं खोबरं घालून. कधी एकशिपी, म्हणजे एक शिंपला काढून टाकायचा आणि दुसऱ्यातच मांस ठेवून शिजवायचं. सकाळी पेज आणि खारातली मिरची. फोंडाघाटला आम्ही वाळवलेले बांगडे खाणारी माणसं. मी तिथे ताटलीभर शिंपले रिकामे करायचे आणि फिलू ते मोजायची. "आये, बाईंचे आज बेचाळीस!" ती आईला ओरडून सांगायची. मोजणारं माणूस मला त्या घरातही भेटलं होतं.

मी सोबत एक वही नेली होती. छात्रसेवाकाल संपला की 'माझी शिक्षणविषयक भूमिका' या विषयावर दहा पानं लिहून कॉलेजातल्या सावंत मॅडमना द्यायची होती, वीस गुणांसाठी. कठीण काही नव्हतं. वसतिगृहाच्या ट्रंकेत मागच्या वर्षांच्या मुलींच्या सात वह्या होत्या, त्यातली एक उतरून काढायची, एवढंच. मी सातही वाचल्या. सातपैकी सहांत मूल म्हणजे मातीचा गोळा होतं आणि पाचांत शिक्षक म्हणजे दीपस्तंभ. मी मातीच्या गोळ्यापर्यंत उतरून काढलं आणि थांबले. मला मूल मातीचा गोळा आहे असं वाटत होतं का? वाटत नाही असंही नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. दोन वर्षं शिकून, सराव पाठ देऊन, फळ्यावर तारीख टाकायची जागासुद्धा पाठ करून, आपण कशासाठी शिकवणार याचं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. पान फाडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा फाडलं. मी मावशीच्या अंगणात येरझारा घालायची आणि ती म्हणायची, "बस गो जरा. कोंबडे पण तुझ्यापेक्षा शांत आसत."

(गेल्या महिन्यात माझ्या शाळेत एक छात्राध्यापिका आली. तिने मोबाइलवरून काढलेलं तत्त्वज्ञान सहीसाठी माझ्यापुढे ठेवलं. अक्षर सुंदर, छापील. तिसऱ्या ओळीत मातीचा गोळा. मी सही केली नाही आणि तिला ओरडलेही नाही. तिला चहा दिला. हे प्रकरण लिहायला त्या दिवशी घेतलं.)

शाळा दोन खोल्यांची. पट एकतीस. शिक्षक दोन असायला हवेत, पण एक जागा रिकामी, म्हणून चारही वर्ग परब गुरुजींकडे. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेला उंच, वाकलेला माणूस, शर्टाच्या खिशात तपकिरीची डबी. उन्हाळा लागल्यामुळे शाळा सकाळची झाली होती, साडेसात ते अकरा. मी रोज डोकी मोजायची आणि वहीत लिहायची, सवयच ती. काही दिवस अठ्ठावीस, एकोणतीस. मग एकदम सतरा, सोळा, अठरा. चार-पाच दिवस तसंच. मग पुन्हा अठ्ठावीस. एक दिवस हजेरीपत्रक माझ्या हाती आलं. त्यात सगळे दिवस सारखेच होते, एकतीसपैकी एकतीस, कधीमधी तीस.

"गुरुजी, मंगळवारी सोळा मुलं होती."

"होती ना."

"इथे एकतीस आहेत."

गुरुजींनी तपकीर ओढली. "तू फोंड्याची. तुमच्याकडे पाणी नळाक येता, आमच्याकडे खाडीक. वरीसभर रव, मगे इचार."

"पण हे खोटं आहे."

"खोटां आसा," ते शांतपणे म्हणाले आणि दुसरीला पाढे सांगायला गेले.

मुलं खाडीत जातात हे मला माहीत होतं, आंधळी नव्हते मी. सकाळी मी पेज पीत असताना मायलेकी टोपल्या घेऊन निघायच्या. "फिलू शाळेत येणार ना?" मी विचारायची. "येतली, येतली," मावशी म्हणायची, आणि फिलू यायची नाही. मला ते आळशीपण वाटायचं. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, हे वाक्य मी सातही वह्यांत वाचलं होतं आणि ते मात्र मला लगेच पटलं होतं.

मग गुरुजींच्या आईला शिरोड्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यांना जावं लागलं. जाताना त्यांनी हजेरीपत्रक माझ्या हातात दिलं. "सगळी हजर धर. सही खाली तुझी कर, मी केंद्रशाळेत सांगितलां आसा." ते आठ दिवस नव्हते, त्यात एक रविवार, म्हणजे शाळेचे सात.

सातही दिवस मी खरं लिहिलं. साडेसातला घंटा, आठ वाजता हजेरी, नसेल त्याला लाल शाईने 'गै'. बाबांच्या नोंदवहीसारखं. शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, फिलूच्या नावापुढे पाच लाल अक्षरं. गुरुवारी ती आली, शुक्रवारीही आली. माझ्या कडकपणाचा परिणाम झाला असं मला वाटलं. त्या आठवड्यात मी शांत होते, येरझारा थांबल्या होत्या. माझी तीन पानंसुद्धा लिहून झाली. पहिलं वाक्य होतं, शिक्षकाचं पहिलं काम म्हणजे सत्याची नोंद. ते मी कुठूनही उतरून काढलं नव्हतं.

गुरुवारी रात्री जेवायला बसलो तर ताटात भात, डाळ आणि भाजलेला सुका बांगडा. मी सहज विचारलं, "आज तिसऱ्या नाहीत, मावशी?"

मावशीने माझ्या ताटात डाळ वाढली. "आज तुझी पोरां हजर होती ना गो?"

फिलू खाली मान घालून हसली. मी हसले नाही. पाच रात्री मी ताटलीभर शिंपले रिकामे केले होते आणि पाच सकाळी त्याच मुलीच्या नावापुढे लाल अक्षर काढलं होतं. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. मी त्या एका ओळीत कधी मांडल्या नव्हत्या, एवढंच. मी ताट बाजूला सरकवलं. "जेव गो," मावशी म्हणाली, "मस्करी केलंय. तू तुझां काम केलंस." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी गुरुजी परत आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी हजेरीपत्रक उघडलं आणि बराच वेळ बंद केलं नाही. शाळा सुटल्यावर मला समोर बसवलं.

"बाई, ह्या म्हयन्यात कामाचे दिवस किती?"

"चोवीस."

"चोवीसाचे ऐंशी टक्के?"

"एकोणीस पूर्णांक दोन दशांश."

"म्हणजे?"

"वीस दिवस."

"फिलूचे किती?"

मी मोजले. "एकोणीस."

तेव्हा शाळेत शिजवलेलं अन्न मिळत नसे. महिन्यातून एकदा मुलामागे तीन किलो तांदूळ मिळायचा, आणि तो ऐंशी टक्के हजेरी असलेल्यालाच. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. हजेरीपत्रकाच्या त्या चौकोनांत तांदूळ आहे, हे मला दिसलं नव्हतं. सात दिवसांत पाच किंवा जास्त लाल अक्षरं असलेली मुलं अकरा. नऊ जणांची पाच आणि दोघा सख्ख्या भावांची सहा. अकरा त्रिक तेहतीस किलो.

"तांदळाची यादी सोमवारी केंद्रशाळेत द्यायची," गुरुजी म्हणाले. "माझी अक्षरां आसती तर मी बगलां असतां. ही तुझी आसत, खाली तुझी सही आसा. मी खोडूचंय नाय. तूच ठरव." आवाजात राग नव्हता. माणूस दमला होता.

मी घरी गेले नाही. सरळ खाडीकडे चालत सुटले. वाटेत फिलू भेटली, रिकामी टोपली घेऊन. "बाई, खंय चाललात?" मी म्हटलं, तू जातेस तिथे. ती उड्या मारत पुढे झाली.

सुकती, म्हणजे ओहोटी होती, आणि खाडी अर्धीमुर्धी उघडी पडली होती. चिखल घोट्यापर्यंत, मधूनच थंड, मधूनच चटका देणारा. मावशी वाकून हाताने वाळू उकरत होती. "आज काय गावायचां नाय," ती मान वर न करता म्हणाली, "भांग आसा, पाणी थोडांच सुकता. उधाणाक पाणी लांब जाता, मगे गावतत."

"मग रोज का नाही येत सकाळी?"

उत्तर फिलूने दिलं, आणि तिला माझी कीव आल्यासारखं मला वाटलं. "बाई, पुनवेक सुकती पाटे पाचाक. मगे रोज पाऊण तास फुडे. दुजेक साडेसा, पंचमेक पावणेनव. आज दशम, आज साडेबारा. अमाशेक परत पाचाक." बोटांवर तिने तिथी सरकवल्या, पाऊणकीचा पाढा म्हणावा तसा. मी तिला त्याच आठवड्यात पाऊणकी शिकवली होती आणि ती तिला येत नाही अशी नोंद केली होती.

मी वही काढली. माझे सतरा, सोळा, अठरा डोक्यांचे दिवस तिथींवर बसवून पाहिले. दुजेपासून सप्तमीपर्यंत, प्रत्येक वेळी. अंधाराची सुकती फुकट जाते, दुपारच्या वेळी भांग असतो. उजेडाची आणि मोठी सुकती तेवढ्याच पाच-सहा दिवसांत सापडते, आणि नेमकी तेव्हाच सकाळची शाळा. शाळा साडेदहाची असती तर यातलं फारसं काही अडलं नसतं. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने वेळ बदलली होती.

"फिलू," मी म्हटलं, "एकोणीस दिवस भरलेत तुझे. वीस हवेत."

"मगे उद्या शाळा घेवा," ती टोपली डोक्यावर पालथी घालत म्हणाली. गंमत म्हणून.

मी चिखलात उभी राहून भागाकार केला. रविवार महिन्याचा शेवटचा दिवस होता. शाळा भरली तर कामाचे दिवस पंचवीस. पंचवीसाचे ऐंशी टक्के वीस, बरोबर वीस, वर काही नाही. फिलूचे एकोणीस अधिक एक. नऊही जण बसत होते. ज्यांची चार लाल अक्षरं होती ती मुलं रविवारी आली नाहीत तरी वीसच्या खाली जात नव्हती. मी तेही तपासलं. कुणाचं नुकसान नव्हतं. फक्त ते दोन भाऊ. अठरा अधिक एक, एकोणीस. त्यांना सहा रविवार लागले असते आणि महिन्यात एकच उरला होता.

"आयताराक शाळा?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाद्री माका काय म्हणतलो?"

"मिसा झाल्यावर. दुपारी तीन ते साडेसहा."

"येवडो वेळ?"

"सकाळची शाळा साडेतीन तास असते. एक मिनिट कमी घेतलं तर तो दिवस धरता येणार नाही."

"फोंड्याची गाडी," मावशी फिलूला म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

गुरुजींना सांगितलं तर त्यांनी आधी तपकीर ओढली. मग म्हणाले, "ह्या लिवलां खंय आसा, आयताराक शाळा भरवची म्हणान?"

"भरवू नये असंही कुठे लिहिलेलं नाही. मी परिपत्रकांची फाइल पाहिली."

"सगळी?"

"सगळी."

ते हसले, शिरोड्याहून आल्यापासून पहिल्यांदा. "भरव. पण माका एक सांग. त्या दोघांचां काय?" आणि मग हळूच, "एकेक अक्षर, बाई. दोघांची मिळान दोन. माका डोळ्यांनी बरां दिसत नाय हल्ली."

रविवारी तीनला घंटा दिली. एकोणतीस मुलं आली, मिसाचे कपडे न बदललेलीसुद्धा. ते दोघे भाऊ सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसले होते. त्या दिवशी मी पुस्तक उघडलं नाही. फळ्यावर तिथी लिहिल्या आणि सुकतीची वेळ मुलांनी सांगायची, असं चालू केलं. पाऊणकी, मग मिनिटं, मग वजाबाकी. पहिलीतली मुलंसुद्धा भांडायला लागली. थोरल्या भावाने मला चुकीत पकडलं. खाडीच्या तोंडाशी आणि आत वाडीपाशी सुकतीला वेगळी वेळ लागते, म्हणाला, तुमचं गणित एकाच जागेचं आहे. बरोबर होतं त्याचं. इतकं चांगलं मी त्याआधी कधी शिकवलं नव्हतं, आणि पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांपुढे घंटेआधी पायरीवर बसलेले ते दोघे होते. साडेसहाला सुटताना मी हजेरी भरली. त्या दोघांपुढे ह, ह. एकोणीस आणि एकोणीस.

त्या दोघांचं गुरुवारचं, सहावं अक्षर मी खोडलं नाही. तेव्हा कारण विचारलं असतं तर मी सत्य वगैरे सांगितलं असतं. आज एवढंच म्हणते की ते तत्त्व होतं की भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता हजेरी मोबाइलवर भरतात आणि एकदा पाठवली की कुणालाच खोडता येत नाही. पुष्कळांना त्यात सोय वाटते. माझा अंगठा त्या बटणापाशी अजून थांबतो.

निबंधाचंही इथेच सांगून टाकते. ती तीन पानं मी फाडली. शेवटी जे दिलं ते दीड पान होतं. त्यात लिहिलं होतं की मूल शाळेत नसतं तेव्हा ते कुठेतरी असतं, आणि ते कुठे आणि कशासाठी आहे हे कळेपर्यंत शिक्षकाने त्याच्या नावापुढे काही लिहिण्याची घाई करू नये. आणि कळल्यावर खोटंही लिहू नये, शाळेची वेळ बदलावी. खाली तिथींचा तक्ता जोडला होता. वीसपैकी नऊ गुण मिळाले. शेरा होता, 'वेळापत्रकाचा तत्त्वज्ञानाशी संबंध स्पष्ट होत नाही.' त्यानंतर मी सहा शाळांत काम केलं. प्रत्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यात घरोघर जाऊन एकच गोष्ट विचारते, तुमच्या मुलाची घरात कोणत्या वेळी गरज असते. उत्तरं वहीत लिहिते. दर वेळी काही करता येतंच असं नाही. दोन शाळांत मला काहीच करता आलं नाही.

सोमवारी यादी गेली. एकतीसपैकी एकोणतीस नावं. संध्याकाळी मी त्या दोन भावांच्या घरी गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मला स्वतः सांगायचं होतं. वाडीच्या टोकाला घर. मुलांची आई पडवीत बसून कालवं फोडत होती, दगडावर ठेवून कोयतीच्या पाठीने, टक, टक, आणि मांस वाटीत. अंगात ताप होता तिच्या, दिसत होतं; त्या गुरुवारी मुलं एकटी खाडीत गेली होती ती त्यामुळेच. मी सगळं सांगितलं. अठरा, एकोणीस, पंचवीस. मी काय लिहिलं आणि काय खोडलं नाही तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि कोयती थांबली नव्हती.

माझं झाल्यावर तिने विचारलं, "फुडच्या म्हयन्यात किती दीस चुकवले तर चालतले?"

"चार," मी म्हटलं.

"सकाळची मोठी सुकती म्हयन्यात दोनदा येता, बाई. पाच-पाच दीस." तिने आणखी एक कालव फोडलं. "धा झाले. उरलेल्या सा दिवसांचां काय करूचां?"

"त्या दिवसांत मी शाळा दुपारी भरवीन."

"गुरुजींक इचारलंस?"

"नाही. अजून नाही."

"मगे पयलां तां इचारून ये," ती म्हणाली. "उगाच पोरांच्या देखत बोलू नको."

दोघे भाऊ दारात उभे होते. मी वळले. गुरुजींचं घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला, खाडीच्या बांधावरून चालत अठरा मिनिटं. त्या संध्याकाळी मला बारा लागली.